करोडपतींची टाळेबंदी म्हणून हसू नका

फुटबॉल खेळाडूंच्या टाळेबंदीचा विषय निघाला की सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘करोडपतींची कसली टाळेबंदी बे?’ चहाच्या गाड्यावर कुणी हसत विचारलं तर सोडून देता येतं. पण ज्यांनी गिरणीच्या फाटकावर उमेदीची वर्षं घालवली, विडी कामगारांच्या मोर्च्यांत पाय झिजवले, ती माणसंही हेच विचारतात, आणि त्यांना उत्तर द्यायलाच हवं. त्यांचं म्हणणं असं की, टाळेबंदीनं आमच्या घरातल्या चुली विझल्या, पोरांच्या शाळा सुटल्या. त्या दुःखाच्या रांगेत लाखोंचे करार करणाऱ्यांनी येऊन उभं राहू नये. शिवाय, बाहेर काढलेले खेळाडू स्वतःच्या खर्चानं मैदान मिळवून सराव करत असतील तर त्यात लढा कुठे आहे? मालकानं दार लावलं आणि हे दाराबाहेर मालकासाठीच तयार होत बसले. तो सराव म्हणजे एक तर कॅमेऱ्यासाठी केलेला देखावा, नाही तर शरणागती.

हे दोन्ही आक्षेप मला मान्य नाहीत. आणि ते सोलापुरातून यावेत याचं मला वाईट वाटतं, कारण फाटक बंद झाल्यावर कामगाराच्या हातात काय उरतं, हा प्रश्न या गावानं जितका सोसला तितका फार थोड्या गावांनी सोसला असेल.

आधी आपल्याच देशातली गोष्ट. ११ जुलै २०२५ रोजी इंडियन सुपर लीग चालवणाऱ्या कंपनीनं कळवलं की पुढचा हंगाम थांबवून ठेवला आहे. भारतीय फुटबॉल महासंघाबरोबरचा तिचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता, त्याच्या नूतनीकरणाचं काही ठरत नव्हतं, आणि महासंघाच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात अडकला होता. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीनं पहिल्या संघातल्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवले. चेन्नईयननं क्लबचं कामकाज थांबवलं, ओडिशानं करार स्थगित केले. नोव्हेंबरमध्ये लीगच्या व्यापारी हक्कांसाठी निविदा मागवली, तर मुदत संपेपर्यंत एकही बोली आली नाही. त्यानंतर मोहन बागाननंही पहिल्या संघाचं काम थांबवलं. डिसेंबर अखेरीस मुंबई सिटीतून परदेशी भागीदार बाहेर पडला.

कुणी म्हणेल, ही टाळेबंदी नव्हे; हा कराराचा घोळ आहे, मालक आणि खेळाडू यांच्यात मागण्यांवरून वाद झालेलाच नव्हता. कायद्याच्या काटेकोर भाषेत ही हरकत मी ऐकून घेतो. पण १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानं टाळेबंदीची जी व्याख्या केली तीत कामाची जागा तात्पुरती बंद करणं येतं, काम स्थगित करणं येतं, कामावर ठेवायला नकार देणंही येतं. यातलं काय ऑगस्टमध्ये घडलं नव्हतं? खेळाडूनं ना संप केला होता, ना पगारवाढ मागितली होती. ज्या करारावर त्याची सही नव्हती, त्या कराराच्या भांडणात त्याचा हंगाम गेला. माझ्या मते हे जास्त वाईट आहे. संपावर गेलेल्या कामगाराकडे निदान परत येण्याचा निर्णय असतो.

आता सोलापूर. १८७७ मध्ये सुरू झालेली आपली जुनी मिल, कागदोपत्री शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, २७ ऑगस्ट १९४९ रोजी बंद झाली. महिनाभर आधी फाटकावर नोटीस लागली होती. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारनं खास या एका गिरणीसाठी वटहुकूम काढला: गैरकारभारामुळे गिरणी बंद पडली, जरुरीच्या मालाचं उत्पादन अडलं, माणसं बेकार झाली, म्हणून कारभार सरकार हाती घेत आहे. पुढे त्याचा कायदा झाला. लगेच एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९५० मध्ये त्याची याचिका फेटाळली गेली. मग दुसरा भागधारक उभा राहिला, आणि डिसेंबर १९५३ मध्ये न्यायालयानं ठरवलं की नुकसानभरपाई न देता मालमत्ता काढून घेणारा हा वटहुकूम आणि हा कायदा घटनाबाह्य आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ही दोन्ही प्रकरणं आजही शिकवतात. त्यांत युक्तिवाद आहे तो भागधारकाच्या हक्काचा. साच्यावर उभं राहून ज्यानं वर्षानुवर्षं सूत काढलं त्याच्या कसबाचा या गिरणीवर काही हक्क आहे का, हा प्रश्न त्या खटल्यांत कुणी पक्षकार म्हणून मांडलाच नाही. तो मांडायला त्या कामगाराकडे शेअरचा कागद नव्हता.

माझा सगळा प्रतिवाद इथून सुरू होतो. भांडवलाला स्वतःचा कागद असतो, वकील असतो, थांबण्याची ताकद असते. कसबाला यातलं काही नसतं. कसब वापरात राहिलं तरच त्याचा दावा राहतो. १९४९ च्या विणकराची शोकांतिका अशी की त्याचं कसब गिरणीच्या यंत्राला जोडलेलं होतं. फाटकाबाहेर तो कितीही कुशल असला तरी साचा आत होता. सोलापूरच्या पूर्व भागात घरात माग असलेल्या पद्मशाली कुटुंबाला अडीअडचणीत चार वार कापड विणता येई. गिरणीतल्या माणसाला तेवढंही शक्य नव्हतं. म्हणून तो फाटकावर बसला, घोषणा दिल्या, वाट पाहिली.

फुटबॉलपटूचं यंत्र म्हणजे त्याचं शरीर. ते फाटकाच्या आत ठेवून घेता येत नाही. पण ते फार लवकर गंजतं, आणि कारकीर्द इतकी छोटी असते की वाया गेलेला हंगाम परत मिळत नाही. अमेरिकेतल्या नॅशनल फुटबॉल लीगच्या खेळाडूंची संघटना सांगते की तिथे सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांच्याही आत संपते. टाळं लावणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. त्याची मदार पैशापेक्षा या गंजण्यावर असते.

त्या लीगची २०११ ची टाळेबंदी मी इथे मुद्दाम सविस्तर सांगतो. त्यांचा फुटबॉल वेगळा, लांबट चेंडू हातात घेऊन धावायचा, पण भांडण अगदी आपल्या ओळखीचं आहे. वर्षाची उलाढाल सुमारे ९ अब्ज डॉलर. त्यातून मालक वाटणीआधीच सुमारे १ अब्ज खर्चापोटी बाजूला काढत, ते त्यांना आणखी वाढवून हवे होते. सामन्यांची संख्या सोळावरून अठरावर न्यायची होती, म्हणजे त्याच शरीरांवर जास्त मार. १२ मार्च २०११ रोजी त्यांनी दारं बंद केली. खेळाडूंना संघाच्या इमारतीत पाऊल ठेवायला, प्रशिक्षकाशी बोलायला, संघाच्या डॉक्टरांकडून दुखापतीवर उपचार घ्यायला मनाई झाली.

आणि मालकांची तयारी पाहा. टीव्ही कंपन्यांशी त्यांनी असे करार केले होते की सामने झाले नाहीत तरी सुमारे ४ अब्ज डॉलर हाती यावेत. टाळेबंदी सुरू होण्याच्या काही दिवस आधी न्यायाधीश डेव्हिड डॉटी यांनी निकाल दिला की हे करार करताना लीगनं खेळाडूंच्या हिताशी असलेली बांधिलकी मोडली. थोडक्यात, एका बाजूनं न खेळवता जगण्याची सोय आधीच करून ठेवली होती. दुसऱ्या बाजूकडे फक्त पाय, खांदे आणि फुप्फुसं होती.

तेव्हा न्यू ऑर्लिन्स सेंट्सचा ड्रू ब्रीस पुढे आला. तो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून सगळा डाव रचणारा. त्यानं तुलेन विद्यापीठाच्या मैदानावर आपल्या संघातल्या खेळाडूंचा सराव सुरू केला. न्यू यॉर्क जायंट्सच्या इलाय मॅनिंगनं न्यू जर्सीतल्या बर्गन कॅथलिक या शाळेचं मैदान मिळवलं. न्यू यॉर्क जेट्सच्या मार्क सँचेझनं साथीदारांना कॅलिफोर्नियात बोलावलं. प्रशिक्षक नाही, शिट्टी नाही, हजेरी सक्तीची नाही. अनुभवी खेळाडू नव्यांना डाव समजावून सांगत होते.

या सरावाला शरणागती म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: लीगच्या विरोधात खेळाडूंनी जो खटला भरला, त्यावर न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या टॉम ब्रेडीच्या बरोबरीनं कुणाची नावं होती? त्यात ड्रू ब्रीसचं नाव होतं. सकाळी मैदानावर सराव घेणारा आणि मालकांना कोर्टात खेचणारा माणूस एकच होता. २५ एप्रिलला न्यायाधीश सुसान नेल्सन यांनी टाळेबंदी उठवण्याचा आदेश दिला. २९ तारखेला दारं उघडली, आणि खेळाडूंनी आत जाऊन पहिलं काम काय केलं असेल तर डावांच्या वह्या उचलल्या. त्याच संध्याकाळी वरच्या न्यायालयानं आदेशाला स्थगिती दिली आणि दारं परत बंद झाली. त्या एका दिवसात हाती आलेल्या वह्या घेऊन ते पुन्हा शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर गेले. ज्याला शरण जायचं असतं तो असं वागत नाही. असं वागणाऱ्याला आपलं काम कुणाच्या परवानगीवाचून चालू ठेवायचं असतं.

यात जोखीम होती, आणि ती खेळाडूनं स्वतः घेतली होती. संघाच्या देखरेखीबाहेर गुडघा फिरला तर क्लब हात वर करू शकत होता, पगारावर पाणी सोडावं लागलं असतं. कॅमेऱ्यासाठी एवढी किंमत कुणी मोजत नाही. बहुतेक संघांनी सरावाचा गाजावाजा केलाही नाही. पेट्रियट्सचे खेळाडू तर शक्य तितक्या गुपचूप जमत.

पैशाच्या आक्षेपाकडे आता वळतो, कारण सगळ्या बोलण्याच्या मुळाशी तोच आहे. ब्रीस श्रीमंत होता, यात शंका नाही. पण मैदानावर त्याच्याबरोबर धावणाऱ्यांत असे होते ज्यांची संघातली जागाच पक्की नव्हती. टाळेबंदीच्या काळात नवे करार बंद होते. ज्या पोरांना कुणी निवडलं नाही पण संघात शिरण्याची आशा होती, त्यांना सही करायचीही सोय नव्हती. अशा वेळी वरच्या पगाराचा खेळाडू घरी बसून स्वतःच्या पैशांवर सहा महिने काढू शकतो, खालचा काढू शकत नाही. वरच्यानं मैदान मिळवून खालच्याला बोलावणं याला आपण कामगार चळवळीत काय म्हणत आलो? आपल्याकडे गिरणीच्या संपात जॉबर आणि बदली कामगार एकत्र राहिले की संप टिकायचा आणि फुटले की मोडायचा, हे मी जुन्या माणसांकडून ऐकत मोठा झालो. तीच माणसं आज मला म्हणतात की हे श्रीमंतांचे खेळ आहेत.

आणि २५ जुलै २०११ ला तडजोड झाली तेव्हा तिच्यात काय होतं? उत्पन्नात खेळाडूंचा किमान ४७ टक्क्यांच्या आसपास वाटा, दहा वर्षांसाठी. नव्या खेळाडूंच्या वरच्या पगारांना लगाम बसला, हे खेळाडूंनी दिलेलं मोल. मला ते खटकतं, कारण जे अजून आत आले नव्हते त्यांच्या खिशातून ते दिलं गेलं. पण अठरा सामन्यांची मागणी मागे पडली. अंगावर पूर्ण साहित्य चढवून दिवसातून दोनदा होणारा झटापटीचा सराव बंद झाला, हंगामात अशा सरावांची संख्या चौदावर आली. १९९३ च्या आधी निवृत्त झालेल्या, मोडक्या गुडघ्यांच्या आणि तुटपुंज्या पेन्शनीच्या जुन्या खेळाडूंसाठी ६२ कोटी डॉलरचा निधी उभा राहिला. कामाचे तास, कामाची सुरक्षितता, म्हाताऱ्या कामगारांची पेन्शन. ही यादी सोलापुरातल्या कुठल्याही युनियनच्या पत्रकात छापून चालेल.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र अर्धा खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. स्वतःचा सराव हा संघाच्या सरावाची जागा घेऊ शकत नाही. टाळेबंदी उठून शिबिरं सुरू झाली आणि पहिल्या १२ दिवसांत १० खेळाडूंच्या टाचेमागची मोठी शीर, अकिलीस टेंडन, तुटली. क्रीडावैद्यकाच्या अभ्यासकांनी याची दखल घेतली आणि नीट देखरेखीतली तयारी न होता एकदम आलेल्या ताणाकडे बोट दाखवलं. मग सराव वाया गेला का? माझं वाचन उलटं आहे. चार महिने खेळाडूला डॉक्टरपासून, फिजिओपासून, दुखापतीतून सावरण्याच्या कार्यक्रमापासून तोडलं कुणी? दार लावणाऱ्यानं. जखमा दाराच्या हिशेबात धरायच्या. चेंडू घेऊन शाळेच्या मैदानावर गेलेल्यांच्या हिशेबात त्या घालणं म्हणजे गिरणी बंद पडल्यावर घरात उपासमार झाली म्हणून घरच्या बाईला दोष देण्यासारखं आहे.

सराव केला म्हणून संघ जिंकतो, असाही दावा मी करणार नाही. त्या वर्षी ग्रीन बे पॅकर्सनी असा मोठा एकत्र सराव केला नव्हता आणि त्यांनी साखळीतले सोळापैकी पंधरा सामने जिंकले. पुढे त्यांना हरवलं ते इलाय मॅनिंगच्या जायंट्सनी, आणि विजेतेपदही जायंट्सचंच झालं. ब्रीसनं त्या हंगामात फेकीच्या अंतराचा सत्तावीस वर्षं टिकलेला विक्रम मोडला. हे सांगायला मला आवडतं, पण माझा युक्तिवाद त्यावर उभा नाही. जायंट्स पहिल्या फेरीत हरले असते तरी तो तसाच राहिला असता. सरावाचं मोल विजयात मोजलं तर आपण पुन्हा मालकाच्या वहीत हिशेब मांडतो. मालक नसताना, लीग नसताना, बोधचिन्हाचा शर्ट नसतानाही संघ हा संघ म्हणून उभा राहू शकतो, एवढं त्या मैदानांवर दिसलं. उलट खेळाडू नसताना मालकाकडे काय उरतं, हे २०११ च्या उन्हाळ्यात ओस पडलेली संघांची सराव-मैदानं सांगत होती.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारं उदाहरण आहे. १९८८ मध्ये कुर्ल्याची बंद पडलेली कमानी ट्यूब्ज कामगारांच्या सहकारी संस्थेच्या ताब्यात आली. कामगारांनी म्हटलं, यंत्रं चालवायचं ज्ञान आमच्याकडे आहे, चालवायला द्या. त्या प्रयोगाच्या पुढच्या अडचणी मला ठाऊक आहेत. तरीही, कसब हा हक्काचा पाया मानून कामगारांनी कारखाना मागितला आणि मिळवला, हे घडलं. शाळेच्या मैदानावर जमलेले खेळाडू कारखाना मागत नव्हते, पण पाय त्याच जमिनीवर होते.

दुसरं उदाहरण ताजं आहे. एप्रिल २०२३ मध्ये कुस्तीपटू विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया दिल्लीत जंतर मंतरवर आंदोलनाला बसले. तिथे रस्त्यावरच त्यांनी व्यायाम आणि सराव केला. त्यांना सल्ले मिळत होते की आंदोलन सोडा, आखाड्यात जा. ते आखाडा घेऊन रस्त्यावर आले. कुस्ती अंगात भिनलेल्या आपल्या जिल्ह्यात त्या सरावाचे फोटो पाहून कुणी त्याला देखावा म्हटलेलं मी ऐकलं नाही. तालमीत वाढलेल्या माणसाला रोजची मेहनत चुकवणं किती जिवावर येतं हे इथे सगळ्यांना कळतं. मग फुटबॉलपटूच्या बाबतीत वेगळा न्याय का?

भारतीय फुटबॉलपटूंनी २०२५ च्या शेवटी जे केलं तेही नोंदवतो. नोव्हेंबरमध्ये सुनील छेत्री, गुरप्रीतसिंग संधू, संदेश झिंगन यांच्यासह अनेकांनी एकच निवेदन प्रसिद्ध केलं: आम्हाला खेळायचं आहे, आत्ता. जानेवारीच्या सुरुवातीला त्यांनी थेट फिफाकडे मदत मागितली. ६ जानेवारीला केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून लीग सुरू होईल असं जाहीर केलं. लीग थांबलेली असताना राष्ट्रीय संघाचं काय झालं? १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरकडून १-२ हार आणि आशिया चषकाचा रस्ता बंद. पुढच्या महिन्यात ढाक्यात बांगलादेशकडून हार. आपण लगेच म्हणालो, आपल्या पोरांत दम नाही. ज्यांची लीग बंद, काहींचे पगार थांबलेले, त्यांच्याकडून आपण दमाचा हिशेब मागितला. महासंघाच्या नव्या घटनेनं निवृत्त नामवंत खेळाडूंना सभेत जागा दिल्या, हे चांगलं झालं. पण ज्याचा हंगाम थांबवला गेला त्या आजच्या खेळाडूला, त्याच्या फिजिओला, शर्ट धुणाऱ्या कर्मचाऱ्याला त्या निर्णयात विचारलं गेलं नव्हतं.

सोलापुरातून एकही खेळाडू आज त्या लीगमध्ये नसला तरी हा विषय आपला आहे, कारण ब्रीसला विद्यापीठानं आणि मॅनिंगला शाळेनं मैदान दिलं म्हणून त्यांचा सराव झाला. आपल्याकडे उद्या कुठल्याही खेळातल्या संघटनेच्या भांडणात पोरं बाहेर पडली, तर ती जाणार कुठे? पार्क मैदान, होम मैदान, कुमठा नाक्याचं क्रीडा संकुल या सार्वजनिक पैशावर उभ्या राहिलेल्या जागा आहेत. संघटनेचं पत्र आणा, मान्यता दाखवा, अशी अट त्यांच्या दारावर नसली पाहिजे. भांडण चालू असेपर्यंत खेळाडूंच्या गटानं नावं देऊन अर्ज केला की सकाळचे दोन तास मैदान मोफत मिळावं, महापालिकेनं त्या काळापुरता अपघात विमा उतरवावा, आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला एक फिजिओ आठवड्यातून दोनदा तिथे यावा. कामगार चळवळीतल्या माझ्या ज्येष्ठ मित्रांनी या मागणीच्या पत्रावर पहिल्या सह्या कराव्यात, अशी माझी त्यांना विनंती आहे.